भोसरीच्या शेडमधली हवा: एक्झॉस्ट फॅनच्या कामाच्या नोंदी, एप्रिल ते जुलै २०२४

४ एप्रिल २०२४, गुरुवार

आज सुट्टी, मशीन बंद, त्यामुळे टेप घेऊन शेड निवांत मोजता आली. लांबी ३० मीटर पूर्व-पश्चिम, रुंदी १५, कडेला उंची ६ आणि आढ्याला ८, म्हणजे सरासरी ७ धरून ३१५० घनमीटर हवा. वर साधा पत्रा. पूर्वेला रस्ता आणि रोलिंग शटर, उत्तरेची भिंत शेजारच्या शेडला चिकटून, दक्षिणेला खिडक्या आणि त्यांच्या खाली वेल्डिंगची चार टेबलं, पश्चिमेच्या भिंतीवर वर ४५० मिमीचे चार एक्झॉस्ट फॅन. पत्र्यावर सहा टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे वाऱ्याने फिरणारे बिनविजेचे, त्यातले दोन जाम.

मालक म्हणाले, "अरे, दरवर्षी एप्रिलात माणसं दुपारी बाहेर जाऊन बसतात, अजून चार पंखे टाकून दे." मी म्हणलं साहेब, मला आधी मोजू द्या, कारण चार पंखे चालू असताना पण आत धूर तसाच लटकलेला असतो, मग आठ लावून तो जाईलच असं कशावरून. ते हो म्हणाले. २६ माणसं काम करतात इथे, आणि वेल्डर काका तर संध्याकाळी रुमालात नाक शिंकरलं की काळं येतं म्हणून दाखवतात. मला हे काम नीट करायचंय, त्यासाठीच ही वही.

११ एप्रिल, गुरुवार

हवेचा वेग मोजायचं छोटं अ‍ॅनिमोमीटर ऑनलाइन मागवलं होतं ते आलं. आज शिडी लावून चारही फॅन चालू करून प्रत्येकाच्या जाळीवर नऊ ठिकाणी वेग घेतला आणि सरासरी काढली. कॅटलॉगप्रमाणे हा ९०० आरपीएमचा फॅन तासाला साधारण ५००० घनमीटर हवा टाकतो, त्यासाठी तोंडाशी ८.७ मीटर प्रति सेकंद वेग पाहिजे. माझ्याकडे सरासरी आली ४.२. म्हणजे एकेक फॅन २४०० च्या आसपास, निम्म्याहून कमी. चौघांचे मिळून ९६००, ते ३१५० ने भागलं तर तासाला जेमतेम तीन वेळा हवा बदलते.

एक फॅन उतरवून पात्या घासल्या. कटिंग ऑइल आणि धूळ मिळून डांबरासारखा थर बसला होता, रॉकेल लावून पत्र्याच्या तुकड्याने खरवडावा लागला. परत लावल्यावर ५.० आला. फरक पडला पण रोग तो नव्हता. दुसऱ्या एकाची बाहेरची झडप, ती हवेच्या जोराने उघडते तीच, गंजून अर्धीच उघडत होती, ती काढूनच टाकली.

मग अगरबत्ती. चार काड्या एकत्र पेटवून फॅनपासून सुरुवात करून हळूहळू मागे मागे चालत गेलो. फॅनपासून दीड मीटरवर धूर सरळ फॅनकडे ओढला जातो, तीन मीटरवर नुसता इकडेतिकडे डोलतो, आणि वेल्डिंग टेबलापाशी तर त्याला फॅन आहे हेच माहीत नाही. खरी गोष्ट दिसली ती दक्षिणेच्या भिंतीला पश्चिमेकडच्या शेवटच्या खिडकीपाशी, तिथून बाहेरची ताजी हवा आत येऊन पाच फुटावरच्या फॅनमधून लगेच बाहेर जात होती. आपण वीज जाळून बाहेरचीच हवा फिरवून बाहेर टाकतोय आणि शेडच्या मधली हवा जागची हललेली नाही. ती आणि तिच्या शेजारची, अशा दोन खिडक्या पुठ्ठा लावून बंद केल्या तर पुढच्या तिसऱ्या खिडकीतून ओढायला लागला. कुठून हवा येते त्यावर सगळं अवलंबून आहे, हे आज डोळ्यांनी बघितलं.

फुंकलेली हवा लांब जाते आणि ओढलेली जात नाही, हे पण इथेच कळतं. तोंडाने फुंकर मारून मेणबत्ती हातभर अंतरावरून विझते, पण श्वास आत ओढून ती कुणाला विझवता येत नाही. गोल तोंडाच्या फॅनसमोर त्याच्या व्यासाइतकं अंतर गेलं की ओढीचा वेग तोंडाच्या साधारण दहावा हिस्सा उरतो. ४५० मिमीच्या फॅनला म्हणजे दीड फुटावरच.

१८ एप्रिल, गुरुवार

हिशोब. दोन बाजूंनी केला म्हणजे एकमेकांची खात्री होते.

पहिला एअर चेंजचा. वेल्डिंग आणि मशीन शॉप एकत्र असलेल्या पत्र्याच्या शेडला मी तासाला २० वेळा हवा बदल धरला. ३१५० गुणिले २० म्हणजे ६३,००० घनमीटर तासाला, सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटात, सुमारे ३७,०००.

दुसरा उष्णतेचा. मीटरवरून बघितलं तर दुपारी मशीनचा लोड ३५ किलोवॅट, ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन आतच राहते. पत्र्यातून उन्हाचं मी चौरस मीटरला १०० वॅट अंदाजाने धरलं, ४५० चौरस मीटरला ४५ किलोवॅट. एकूण ८०. बाहेरच्यापेक्षा आत फक्त ४ डिग्री जास्त राहावं असं पाहिजे तर ८० भागिले (१.२ गुणिले ४), म्हणजे १६.७ घनमीटर सेकंदाला, तासाचे ६०,०००. दोन्ही आकडे जवळ आले, बरं वाटलं.

आता हीच हवा आत यायला पाहिजे. सेकंदाला २ मीटरच्या वर वेग गेला तर लोकांच्या अंगावर झोत येतो आणि फॅनवर पण ओढ पडते, म्हणून २ धरला, मग उघडी जागा ८.३ चौरस मीटर लागते. हवा आत घ्यायला भिंतीत लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची चौकट, बसवायची आणि तिच्या पट्ट्या निम्मी जागा खातात, म्हणजे भिंतीत साधारण १७ चौरस मीटरचं भोक. मालकांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, "भिंत पाडायला सांगतोस का पंखे लावायला?" मी म्हणलं साहेब, भोक नसेल तर सहा लाखाचे पंखे पण उपाशी राहतील. शटर पूर्ण उघडं ठेवलं तरी ते पूर्वेच्या एकाच टोकाला आहे आणि पावसात, रात्रपाळीत बंदच असतं.

२५ एप्रिल, गुरुवार

आता फॅनचे प्रकार एकेक करून आपल्या शेडला लावून बघतोय.

भिंतीवरचा प्रोपेलर फॅन, आपण ज्याला नुसतं एक्झॉस्ट म्हणतो तो. स्वस्त, कुणीही बसवतो, हवा भरपूर टाकतो पण एकाच अटीवर, समोर अडथळा नको. ६०० मिमी ९०० आरपीएमचा तासाला १०,००० च्या आसपास देतो, मोटर अर्धा एचपी. १४०० आरपीएमवाला घेतला तर हवा जास्त मिळते पण आवाज ९-१० डेसिबलने वाढतो आणि ते आठ तास कानाशी घेऊन काम करणं म्हणजे माणसाला त्रास, म्हणून ९०० च.

पण आपले चार फॅन निम्मी हवा का टाकतात याचं अर्ध उत्तर झालं होतं, उरलेलं अर्ध आज मिळालं. फॅन आहेत पश्चिमेच्या भिंतीवर. पुण्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडूनच येतो आणि पावसाळ्यात तर चार महिने तिकडूनच. ताशी २० किलोमीटरचा वारा भिंतीवर आपटला की साधारण १९ पास्कल दाब देतो, म्हणजे पाण्याचा जवळपास २ मिमी. ऐकायला काहीच नाही, पण प्रोपेलर फॅनची ताकदच ५-१० मिमीची, त्यात जाळी, झडप आणि आत हवा यायला जागा नाही म्हणून तयार झालेली ओढ, सगळं मिळून तो दमतो. आज दुपारी वारा असताना परत मोजलं, ४.२ च्या जागी ३.१. ज्या माणसाने हे पहिल्यांदा लावले त्याने रस्त्याच्या बाजूने वाईट दिसू नये म्हणून मागच्या भिंतीवर लावले असणार.

टर्बो व्हेंटिलेटर. वीज लागत नाही ही त्याची मोठी गोष्ट आणि मला तो मनापासून आवडतो, पण त्याच्याकडून काय अपेक्षा करायची ते कळलं पाहिजे. तो दोन गोष्टींवर चालतो, वारा आणि गरम हवेचं वर चढणं. आपल्याकडे आत बाहेर ५ डिग्री फरक आणि ८ मीटर उंची धरली तर वर ढकलणारा दाब येतो फक्त दीड पास्कल. रात्री वारा पडला की तेवढ्यावरच सगळं. गोदामाला, जिथे नुसती उष्णता वर साठते तिथे उत्तम. वेल्डिंगच्या शेडला एकट्याने नाही पुरणार. आणि "फिरतोय म्हणजे हवा काढतोय" असं सगळे समजतात, वाऱ्याने तो फिरणारच, खालून हवा मिळते का ते वेगळं.

जाम झालेल्या दोघांपैकी एकाचं बेअरिंग बदललं तर सुटला. दुसऱ्याचा शाफ्टच वाकलाय.

२ मे, गुरुवार

काल कामगार दिन म्हणून बंद होतं, आज मी दोन तास तीन मशीन चालवून तापमान घेतलं. दुपारी २ वाजता बाहेर सावलीत ३९, कामाच्या उंचीला ४३, पत्र्याखाली ट्रसपाशी, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्यापाशी, ४७. सगळ्यात गरम हवा वर बसलीये आणि आपण ती चार मीटर उंचीवर भिंतीतून काढायला बघतोय. ती काढायची जागा आढं आहे.

म्हणून पॉवर रूफ एक्स्ट्रॅक्टर. पत्र्यावर चौकट बसवून त्यात ॲक्सियल (दांड्याच्या सरळ रेषेत हवा ढकलणारा) फॅन उभा, वर टोपी, हवा वरून किंवा टोपीखालून बाहेर. ९०० मिमी, ७०० आरपीएम, दीड एचपी, कॅटलॉगला तासाला २०,०००. दोन घेतले तर ४०,०००, उरलेले २०,००० दक्षिणेच्या भिंतीवर कॉम्प्रेसरच्या वर ६०० मिमीचे दोन. पश्चिमेचे चारही काढायचे आणि ती अख्खी भिंत हवा आत यायला द्यायची, खाली १.२ मीटर उंच आणि १४ मीटर लांब लूव्हर, म्हणजे १६.८ चौरस मीटर, आपल्याला बरोबर तेवढंच पाहिजे होतं. ज्या वाऱ्याशी फॅन भांडत होते तोच वारा आता हवा आत ढकलेल.

पूर्वेच्या भिंतीवर फॅन का नाही असं मालकांनी विचारलं, वारा तर पाठीमागून मिळाला असता. खरंय, पण तिथे शटर आहे, दिवसभर उघडं, आणि त्या खिडकीसारखंच होणार, शटरमधून आलेली हवा वरच्या फॅनने परत बाहेर. रूफचे दोघे पण शटरपासून १० मीटर सोडूनच बसवायचे.

ट्यूब ॲक्सियलचा पण विचार केला, म्हणजे ॲक्सियल फॅन नळीत बसवलेला, त्यात मागे स्थिर पात्या दिल्या की व्हेन ॲक्सियल, तो आणखी दाब देतो. थोडी डक्ट, म्हणजे हवा नेणारी नळी, असेल तर हा चांगला. आपल्याकडे छतावर डक्टच नाही म्हणून गरज नाही.

९ मे, गुरुवार

वेल्डिंग. आजचा पूर्ण दिवस यातच गेला आणि माझ्या मते या सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

छतावरून कितीही हवा काढली तरी वेल्डिंगचा धूर आधी वेल्डरच्या नाकासमोरून वर जातो. तो वर जायच्या आधी टेबलावरच पकडायला पाहिजे. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ आत्ता २०२४ मध्ये लागू आहे, त्याच्या कलम १४ मध्ये पण हेच आहे, धूळ धूर जिथे तयार होतो त्याच्या शक्य तितक्या जवळ ओढणारी सोय करा.

इथे आधी एकदा कुणीतरी प्रयत्न केलेला आहे. टेबलांवर पत्र्याचे हूड, म्हणजे धूर ओढायची तोंडं, तिथून १५ मीटर डक्ट आणि शेवटी ४५० चा प्रोपेलर फॅन. काका सांगतात पहिल्या दिवसापासून ओढला नाही. ओढणारच नाही, लांब डक्ट आणि चार एल्बो (वळणं) म्हणजे पाण्याच्या ४०-५० मिमीचा अडथळा, आणि प्रोपेलर फॅन तेवढ्या दाबाला नुसता जागेवर हवा घुसळत बसतो, आवाज वाढतो, मोटर तापते, डक्टच्या दुसऱ्या टोकाला काही नाही. डक्ट आली की सेंट्रिफ्युगल, म्हणजे आपला गोगलगायीसारखा ब्लोअर.

त्यात पण पात्या कुठल्या ते बघावं लागतं. फॉरवर्ड पात्यांचा छोट्या आकारात जास्त हवा देतो आणि शांत असतो, एसीमध्ये असतो तो, पण डक्टचा अडथळा कमी झाला, समजा कुणी साफसफाईसाठी एक दार उघडं ठेवलं, तर हवा वाढते आणि मोटरवर लोड वाढत वाढत ती जळू शकते. बॅकवर्ड पात्यांचा लोड एका हद्दीच्या वर जात नाही आणि वीज पण कमी खातो. सरळ पात्यांचा रेडियल, तो बुरादा, ग्राइंडिंगची धूळ असल्या जाड मालाला, कारण पात्यांवर काही चिकटत नाही. वेल्डिंगचा धूर बारीक असतो, आपल्याला बॅकवर्ड.

हवा किती. धूर पकडायला आर्कपाशी, म्हणजे वेल्ड पेटतो तिथे, निदान ०.५ मीटर प्रति सेकंद ओढ पाहिजे. हूडचं तोंड आर्कपासून ३०० मिमी धरलं आणि तोंड ०.०५ चौरस मीटर, तर ०.५ गुणिले (१० गुणिले ०.०९ अधिक ०.०५), ०.४७५ घनमीटर सेकंदाला. तोंडाला चारी बाजूंनी पत्र्याची कॉलर लावली तर मागची फुकटची हवा ओढणं थांबतं आणि पाऊण हिश्श्यात भागतं, तासाला १२८० च्या आसपास. चार टेबलं, ५२०० धरले. अंतराचा वर्ग होतो हे काकांना कसं सांगू विचार करत होतो, शेवटी कागदावर काढून दाखवलं की हूड एका फुटावरून दोन फुटावर सरकवला तर जवळपास चौपट हवा लागेल. ते लगेच म्हणाले, "मग त्याला हात लावायला दांडा दे, मी जवळ ओढून घेत जाईन." हेच पाहिजे होतं. हलता हात म्हणजे लवचिक नळी, प्रत्येक टेबलाला २०० मिमीची, मुख्य डक्ट ४०० मिमी, आत वेग ११ मीटर. ब्लोअर ५० मिमी दाबाला तासाला ५२००, मोटर २ एचपी.

टेबलापाशी ठेवलेले दोन पेडेस्टल फॅन काढायला लागतील. ते धूर हूडपासून लांब पळवतात, आणि मिग वेल्डिंगमध्ये वेल्डला झाकणारा गॅस पण उडवतात, मग वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात. काका म्हणाले उकाडा? मी म्हणलं आधी हवा येऊ दे, मग बोलू.

१३ मे, सोमवार

मतदानाची सुट्टी, सकाळी मत देऊन आलो आणि पेंटिंगच्या कोपऱ्याचं लिहून टाकलं. तिथे साधा एक्झॉस्ट लावलाय, मोटर थेट थिनरच्या वाफेत. हे मला सगळ्यात जास्त टोचतंय. आजपासून तो बंद, स्विच काढून टाकला, आणि नवीन बसेपर्यंत पेंट बाहेरून करून घ्यायचा, मालक तयार झाले. तिथे बायफर्केटेड ॲक्सियल पाहिजे, त्यात मोटर हवेच्या प्रवाहाच्या बाहेर वेगळ्या खणात असते, पात्या ॲल्युमिनियमच्या, मोटर फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणारी), आणि डक्टला अर्थिंग. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, खाली बसते, म्हणून ओढ जमिनीजवळून. बूथचं तोंड २ बाय २ मीटर, अर्ध्या मीटरचा वेग धरला तर तासाला ७२००. हे वेगळं काम म्हणून वेगळं कोटेशन, घाईत उरकायचं नाही.

२३ मे, गुरुवार

पश्चिमेची भिंत कापली. गवंडी दादांनी वरती लोखंडी चॅनेल टाकून मगच खालच्या विटा काढल्या, दोन गुरुवार गेले. पावसाच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूने उतरत्या आणि आत पक्ष्यांसाठी जाळी. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावा असं एकाने सुचवलं, नको म्हणलं, महिन्याभरात धुळीने बंद होईल.

फॅन काहीच चालू नसताना, नुसतं भोक पाडल्यावर, आज संध्याकाळी शेडमध्ये वारा खेळत होता. पॅकिंगच्या ताई सामान घ्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या इतकी वर्षं भिंत का ठेवली होती.

६ जून, गुरुवार

रूफ एक्स्ट्रॅक्टर चढवले. पाऊस डोक्यावर आलाय म्हणून घाई होती. वजन पत्र्यावर न येता पर्लिनवर, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडावर, यावं म्हणून खालून अँगलची चौकट वेल्ड केली. पत्रा कापताना वरच्या बाजूची फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी, आढ्याच्या पत्र्याखाली घुसवायची, वर चढवायची नाही, नाहीतर सिलिकॉन कितीही लावा एका वर्षात गळणार. बसवणारा पोरगा वरून चढवायला निघाला होता, थांबवून परत करायला लावलं, अडीच तास गेले पण माझं समाधान झालं. चढणाऱ्या प्रत्येकाला बेल्ट आणि पत्र्यावर चालायला फळी, यात तडजोड नाही.

१३ जून, गुरुवार

ब्लोअर चालू केला आणि तोंड पडलं. हूडला हात लावला तर हवा ओढतोय, पण मरगळलेला, तोंडाशी २.५ मीटर, पाहिजे होते ७. डक्टचे सगळे सांधे बघितले, अगरबत्ती फिरवली, कुठे गळत नाही. एक हूड बंद करून बघितला, दोन बंद करून बघितले. दुपारचा डबा पण तसाच राहिला. मग इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, "मोटर बंद करून थांबताना पंखा बघा बरं." थांबत आला तेव्हा कळलं, उलटा फिरतोय.

प्रोपेलर फॅन उलटा फिरला तर हवा आत यायला लागते, चटकन कळतं. सेंट्रिफ्युगल उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त कमी जाते, म्हणून माणूस डक्टमध्ये दोष शोधत बसतो. दोन फेज अदलाबदल केल्या, परत चालू केला, ६.८. हूडपाशी रुमाल धरला तर खेचून चिकटला. काकांनी लगेच एक जॉब लावून बघितला, धूर वाकून हूडमध्ये जात होता, काचेच्या समोरून नाही.

आता प्रत्येक मोटरवर लाल रंगाने बाण काढलाय.

३० जून, रविवार

पालखीमुळे गाड्या वळवल्यात, रूफ फॅनसाठी व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करायचं यंत्र, येणार होता तो आलाच नाही. सकाळी वारकरी बघून आलो.

व्हीएफडी कशाला तर वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते पण वीज घनाच्या प्रमाणात. ५० हर्ट्झच्या जागी ४० वर चालवला तर हवा ८० टक्के आणि वीज निम्मीच. रात्रपाळीला आणि थंडीत पूर्ण वेगाची गरज नाही.

४ जुलै, गुरुवार

चार दिवस तक्रार होती की मधल्या लेथवर पाणी ठिबकतंय. फ्लॅशिंग गळतंय असं समजून वर चढलो, कोरडं. मग खाली उभं राहून अगरबत्ती धरली आणि बघतच राहिलो, टर्बोच्या खाली धूर वर जायच्या ऐवजी खाली येत होता. रूफ एक्स्ट्रॅक्टर इतकी ओढ लावतायत की जवळच्या टर्बोंमधून हवा उलटी आत येते, आणि तिच्याबरोबर पाऊस पण. टर्बो वर मजेत फिरतोय, आणि बाहेर टाकण्याच्या ऐवजी आत घेतोय. पश्चिमेकडची खिडकी आणि पूर्वेचं शटर एवढा विचार केला, पण सहा भोकं डोक्यावर होती ती माझ्या हिशोबात आलीच नव्हती. ही चूक माझी आहे आणि वहीत लिहून ठेवतोय म्हणजे पुढच्या शेडला होणार नाही: पॉवरचे एक्स्ट्रॅक्टर आणि टर्बो एका छताखाली एकत्र चालवायचे नाहीत.

टर्बो काढून टाकायला मन होईना. गळ्यात खालून फिरतं झाकण बसवायचं ठरवलं, साखळीने उघडबंद होणारं. वीज गेली की उघडायची, तेव्हा तेच उपयोगी.

११ जुलै, गुरुवार

सहाही झाकणं बसली. त्याआधी आणि नंतर मोजलं. शटर आणि खिडक्या बंद, सगळे फॅन चालू, म्हणजे येणारी बहुतेक हवा पश्चिमेच्या लूव्हरमधूनच. झाकणं उघडी असताना लूव्हरवर सरासरी ०.८ मीटर, म्हणजे ४८,०००. झाकणं बंद केल्यावर ०.९, म्हणजे ५४,०००. तासाला १७ वेळा हवा बदल. २० धरले होते, १७ मिळाले, उरलेले सांध्यांतून आणि फटींतून येत असणार किंवा कॅटलॉगपेक्षा फॅन थोडे कमी देतायत, पण एप्रिलमधल्या तीनच्या समोर हे मला पटतं. बाहेर २८, कामाच्या उंचीला ३०.५. आत्ता ऊन नाही म्हणून मे महिन्याशी तुलना नाही करत, खरी परीक्षा पुढच्या एप्रिलात.

ऑफिसचं दार आता स्वतःहून धाडकन आपटतं, आत ओढ तयार झाल्याची खूण. दाराला खाली जाळी टाकून द्यायची आहे.

दोन नंबरच्या टेबलावर मिगच्या वेल्डमध्ये परत भोकं दिसली. लूव्हरमधून येणारा झोत थेट त्या टेबलावर जात होता, वारा सुटला की २ मीटरच्या वर. टेबल चार फूट आत सरकवलं आणि मध्ये वेल्डिंगचा पडदा उभा केला. दुपारचे तीन जॉब कापून बघितले, स्वच्छ.

राहिलेलं: पेंट बूथचं कोटेशन आलंय, मालकांच्या टेबलावर आहे, तोपर्यंत पेंट बाहेरच. पात्या दर दोन महिन्यांनी पहिल्या गुरुवारी साफ करायच्या, तारखा शटरजवळच्या फळ्यावर लिहिल्या. काकांनी सांगितलंय की तीन नंबरच्या हूडची नळी अर्धा फूट कमी पडते, मोठ्या फ्रेमच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि तिथे वेल्ड करताना त्यांना परत धुरात वाकावं लागतं. पुढच्या गुरुवारी सगळ्यात आधी तेच.